'चांगली जिरली!' हे मोजायचं कसं?

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत. दुसऱ्याच्या मेलमध्ये शुद्धलेखनाची चूक दिसली की ती लाल करून, सगळ्यांना प्रत लावून ते परत पाठवतात. माझ्याही दोन पाठवून झाल्यात. परवा भरल्या मीटिंगमध्ये त्यांनी स्वतःचं प्रेझेंटेशन लावलं आणि पहिल्याच पानावर, ठळक टायपात, 'धोरण'चं 'धारेण' झालेलं. कुणी काही बोललं नाही. मी पाण्याची बाटली शोधण्याच्या निमित्ताने टेबलाखाली वाकले, कारण तोंडाची डावी कड माझं ऐकेना.

त्याच आठवड्यात एक मैत्रीण खट्टू होऊन बसली होती. 'तुमच्या मनात किती टक्के काळोख?' छापाच्या चाचण्या हल्ली फोनवर फिरतात, त्यातली एक तिने दिली होती. निकाल : 'दुसऱ्यांच्या दुःखात आनंद, ७४ टक्के'. तिला वाटलं, आपण माणूस म्हणून नापासच झालो. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. हे ७४ टक्के नेमके कशाचे?

या भावनेचा मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे आणि ती कुणात कमी, कुणात जास्त हे मोजायचे गंभीर प्रयत्नही झाले आहेत. ते वाचल्यावर त्या ७४ कडे जरा वेगळ्या नजरेने बघता येतं.

आधी नावाचा घोळ

जर्मन भाषेत या भावनेला शाडेनफ्रॉइड म्हणतात. शाडेन म्हणजे नुकसान, फ्रॉइड म्हणजे आनंद. इंग्रजीने तो शब्द तसाच उचलला आणि संशोधनाच्या वाटेने तो जगभर गेला. भावना अर्थातच जर्मन नाही. ॲरिस्टॉटलने तिच्यासाठीचा ग्रीक शब्द नीतीच्या चर्चेत मत्सराच्या शेजारी ठेवला आहे. शोपेनहाउअर या जर्मन तत्त्वज्ञाने तर निकालच देऊन टाकला : मत्सर वाटणं माणसाचं, हा आनंद चाखणं सैतानाचं.

मराठीत यासाठी सुटसुटीत नाम नाही, पण क्रियापदांची चंगळ आहे. जिरली, खोड मोडली, अद्दल घडली, मनात उकळ्या फुटल्या. म्हणून इथून पुढे मी याला जिरल्याचा आनंद म्हणेन. (हा शब्द निवडण्यातही एक गोम आहे, तिच्याकडे थोड्या वेळाने येते.)

दोन शेजारी आधीच वेगळे काढायला हवेत. एक परपीडन : स्वतःच्या हाताने दुखवून मजा घेणं. जिरल्याच्या आनंदात आपला हात लागलेला नसतो, आपण नुसते प्रेक्षक असतो. दुसरा खुनशीपणा : दुसऱ्याचं वाटोळं व्हावं म्हणून आपलंही नुकसान सोसायची तयारी. 'नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे' ही म्हण कडू आहे, पण खुनशीपणाची व्याख्या म्हणून चोख. जिरल्याचा आनंद त्या मानाने फुकटचा. आपण काही केलेलं नसतं आणि आपलं काही गेलेलं नसतं.

ठसका कुणालाही लागतो, दमा सगळ्यांना नसतो

मोजमापाची पहिली पायरी म्हणजे मोजायचं काय ते ठरवणं. धूर फार झाला तर कुणालाही ठसका लागेल. दमेकऱ्याला मात्र तो जराशा धुरानेही लागतो. जिरल्याच्या आनंदाचंही तसंच : एक त्या क्षणाची भावना, एक अंगात मुरलेला कल. माणसामाणसांत जो फरक असतो त्याला मानसशास्त्रात व्यक्तिभेद म्हणतात. तो मोजायचा तर ठसके मोजून भागत नाही, दमा शोधावा लागतो.

ठसका मोजणं तुलनेने सोपं. रिचर्ड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग त्याचा नमुना आहे. विद्यार्थ्यांना एका मुलाची चित्रफीत दाखवली. काहींना दिसलेला मुलगा अतिशय हुशार, सगळं मनासारखं चाललेला. काहींना दिसलेला बेताचा. दोघांनाही वैद्यकीय शिक्षणाला जायचं होतं. मग शेवटी कळतं की प्रयोगशाळेतली औषधं चोरताना तो पकडला गेला, प्रवेश हुकला. हुशार मुलगा घसरल्याचं कळल्यावर लोकांना जास्त बरं वाटलं, आणि त्यात मत्सराचा मोठा वाटा निघाला. याच प्रयोगात, एरवीही पटकन मत्सर वाटणाऱ्यांची वेगळी नोंद घेतली होती. म्हणजे ठसका मोजता मोजता दम्याचा सुगावा लागतो, तो असा.

एका प्रश्नाने का भागत नाही

चुळबुळ्या मुलाची उंची भिंतीवर खूण करून मोजलीय कधी? एकदा ते टाचा उचलतं, एकदा मान खाली घालतं, एकदा मध्येच पळून जातं. दहा वेळा मोजलं की चुका एकमेकींना खातात आणि खऱ्या उंचीच्या जवळ पोचता येतं. प्रश्नावलीत दहा-बारा प्रश्न असतात ते याचसाठी. प्रत्येक विधानापुढे 'अजिबात पटत नाही'पासून 'पूर्ण पटतं'पर्यंत पाच किंवा सात पायऱ्या. ही पद्धत रेन्सिस लिकर्ट यांची, १९३२ ची. मधूनच एखादं उलटं विधान पेरतात ('कुणाचीही फजिती झाली तर मला वाईटच वाटतं'), म्हणजे डोळे मिटून सगळीकडे 'पटतं'वर खूण करत जाणारा सापडतो.

मग तपासणी. सगळे प्रश्न एकाच दिशेला बोट दाखवतात का, यासाठी १९५१ पासून क्रोनबाख यांचा एक गुणांक वापरात आहे. काही आठवड्यांनी तीच माणसं तीच उत्तरं देतात का, हेही बघतात. पण एवढ्याने काटा खरा ठरत नाही. रोज न चुकता पाच किलो जास्त दाखवणारा वजनकाटाही भरवशाचाच असतो, फक्त चुकीचा असतो. आपण मोजतोय तो जिरल्याचा आनंद आहे, की नुसता चिडखोरपणा, की विनोदाची आवड, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

त्याचा एक मार्ग म्हणजे प्रश्नांचे गट शोधणं. मोठ्या घोळक्यात कोण कुणाच्या ओळखीचं हे न विचारताही कळतं : कोण कुणाबरोबर हसतंय, कोण एकत्र निघालं, एवढं बघायचं. उत्तरांतही कुठले प्रश्न जोडीने वर जातात आणि जोडीने खाली येतात ते गणिताने शोधतात. या गणिताची मुळं चार्ल्स स्पिअरमन यांच्या १९०४ च्या कामात आहेत. या विषयावर काम करणाऱ्यांना सहसा निदान दोन घोळके वेगळे ठेवावेसे वाटतात. एकीकडे निरुपद्रवी फजिती : कुणी घसरलं, कुणाची टोपी उडाली. दुसरीकडे खरं नुकसान झालेलं पाहूनही गार वाटणं. दोन्हींची बेरीज करून एकच आकडा दिला, तर घसरण्याचे व्हिडिओ बघून खिदळणारा आणि शेजाऱ्याच्या दिवाळखोरीने सुखावणारा, दोघे एकाच पंगतीत बसतात. फोनवरच्या चाचण्या बेधडक नेमकं हेच करतात.

शब्द बदलला की उत्तर बदलतं

आता त्या गोमेकडे. ही दोन विधानं वाचा. नमुने माझे आहेत, कुठल्या प्रश्नावलीतले नाहीत.

'दुसऱ्यांच्या दुःखात मला आनंद होतो.'

'माज करणाऱ्याची जिरली की मला बरं वाटतं.'

पहिल्यावर 'पूर्ण पटतं' अशी खूण करणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. दुसऱ्यावर 'अजिबात पटत नाही' म्हणणारा भेटला, तर मी त्याच्याकडे जरा संशयानेच बघेन. कागदावर दोन्ही प्रश्न एकाच भावनेचे. मग एवढा फरक कुठून आला?

तो 'जिरली'त दडलेला आहे. पाणी जमिनीत जिरतं, खाल्लेलं अंगी जिरतं, तसाच माज जिरतो. माज आधी असल्याशिवाय जिरणार काय? म्हणजे 'जिरली' हा शब्द तोंडातून निघेपर्यंत आपण मनातल्या मनात खटला चालवलेला असतो, आरोपीला दोषी ठरवलेलं असतं आणि शिक्षा योग्यच होती हेही नोंदवलेलं असतं. दुर्धर आजार झालेल्या भल्या माणसाबद्दल 'जिरली' कुणी म्हणत नाही. म्हटलंच, तर ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याबद्दल बरंच काही कळतं.

संशोधनातही हाच मुद्दा फिरून फिरून येतो. समोरच्याची ती लायकीच होती असं वाटलं की आनंद वाढतो. ऑस्ट्रेलियात काम केलेले नॉर्मन फेदर यांनी १९८९ मध्ये उंच वाढलेल्या माणसांच्या पडझडीकडे लोक कसे बघतात यावर अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे अशा यशस्वी माणसांना 'उंच खसखशीची झाडं' म्हणतात, म्हणजे इतरांपेक्षा वर आलेली, म्हणून छाटावीशी वाटणारी. फेदर यांच्या मापनपट्टीत दोन वेगळे भाग आहेत : मोठ्यांना त्यांच्या यशाचं बक्षीस मिळावं असं वाटणं, आणि मोठे पडावेत असं वाटणं. हे दोन्ही एकाच माणसाला थोडंथोडं वाटू शकतं. पडलेल्याने यश कष्टाने मिळवलं होतं की आयतं, यावरही पारडं फिरतं.

मत्सराचंही असंच. डच भाषेत मत्सराला दोन शब्द आहेत, एक साधा आणि एक विखारी. नेदरलँड्समधल्या संशोधकांना हे दोन अनुभव खरोखर वेगळे असल्याचं आढळलं. पुढे २०१५ च्या एका अभ्यासात जिरल्याच्या आनंदाचा धागा विखारी प्रकाराशीच जुळलेला निघाला. आपल्याकडे हेवा आणि मत्सर आहेतच. 'मला तुझा हेवा वाटतो' हे मैत्रिणीला तोंडावर सांगता येतं. 'मला तुझा मत्सर वाटतो' म्हणून बघा.

म्हणून परभाषेतली प्रश्नावली मराठीत आणताना फजिती, ठेच, नुकसान, दुःख, जिरणे यांतला कुठला शब्द घेतला, यावर अख्ख्या गटाचा आकडा वर-खाली होईल. अनुवाद करणाऱ्याला वाटतं आपण भाषा बदलतोय. खरं तर तो काटाच बदलत असतो.

'पण खरं सांगणार कोण?'

ही शंका रास्त आहे. स्वतःला बरं दाखवायची ओढ सगळ्यांनाच असते. क्राउन आणि मार्लो यांनी १९६० मध्ये ३३ प्रश्नांची पट्टी खास ही ओढ मोजायला काढली. 'मी कधीच कुणाचा राग राग केला नाही' अशा धर्तीच्या, कुणाच्याही बाबतीत खऱ्या असणं अवघड अशा गोष्टींना जो होकार देत जातो, त्याच्या बाकीच्या उत्तरांकडे जरा सांभाळून बघायचं. शिवाय नाव न विचारणं, थेट प्रश्नाऐवजी गोष्ट सांगून मग विचारणं, असे उपाय आहेत.

आणि मग गाल आहेत. ओठाची कड वर ओढणारा एक स्नायू गालात असतो. त्यावर चिमुकले इलेक्ट्रोड चिकटवले, तर आरशात दिसणार नाही इतकी हालचालही नोंदली जाते. मीना सिकारा आणि सुझन फिस्क यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात लोकांना वेगवेगळ्या माणसांवर ओढवलेले बारीकसारीक प्रसंग दाखवले, जसं टॅक्सीने अंगावर पाणी उडवणं. श्रीमंत, यशस्वी, हेवा वाटेल अशा माणसाच्या बाबतीत लोक तोंडाने फक्त 'फारसं वाईट वाटलं नाही' एवढ्यावर थांबले. गालाचा स्नायू मात्र हसत होता. जर्मनीतल्या २०१५ च्या अभ्यासात तर जर्मन फुटबॉलप्रेमींचं हसू स्वतःच्या संघाच्या गोलपेक्षा, कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या डच संघातल्या खेळाडूची पेनल्टी हुकल्यावर जास्त झटपट आणि जास्त ठसठशीत उमटलं. टेबलाखाली वाकताना मला हा अभ्यास ठाऊक नव्हता. असता तरी वाकलेच असते.

गालाचीही मर्यादा आहेच. हसू संकोचाचं असतं, भीतीचं असतं, नुसत्या गमतीचंही असतं.

मग मेंदूतच डोकावलं तर?

डोकावून झालंय. २००९ मध्ये जपानमधल्या ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी १९ जणांचे मेंदू गोष्टी वाचत असताना स्कॅन केले. ज्याचा हेवा वाटतो अशा माणसावर संकट आलं की मेंदूतला बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा भाग जागा झाला. ज्यांच्यात आधी हेव्याची खूण ठळक होती, त्यांच्यात हीही ठळक.

ऐकायला जोरदार आहे. पण विजेच्या मीटरचं चाक जोरात फिरतंय म्हणून घरात पंखा चालू आहे की इस्त्री, हे सांगता येतं का? मेंदूतला तो भाग पैसे मिळाल्यावरही जागा होतो. आणि १९ जणांवरून एखाद्या व्यक्तीचा स्वभाव ठरवणं तर फारच दूरचं.

समोर कोण आहे?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो आक्षेप हा : सगळं जर समोरच्यावर अवलंबून असेल, तर याला स्वभाव तरी का म्हणायचं?

आक्षेपाला पुरावाही भक्कम आहे. १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनी क्रोएशियाकडून ३-० ने हरली. डच लोकांना त्याचं किती सुख झालं, याचा अभ्यास कॉलिन लीच आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना फुटबॉलमध्ये रस जास्त त्यांना आनंद जास्त, हे अपेक्षितच. पण ज्यांना आपल्या कमीपणाची टोचणी लागली, त्यांचाही आनंद वाढला. सिकारा यांच्या २०११ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या दोन कट्टर प्रतिस्पर्धी बेसबॉल संघांचे चाहते होते. विरोधी संघ हरताना ज्यांचा तो बक्षिसाचा भाग जास्त जागा झाला, त्यांनीच त्या संघाच्या चाहत्यांना शिवीगाळ किंवा धक्काबुक्की करण्याची शक्यता जास्त बोलून दाखवली. टानिया सिंगर यांच्या २००६ च्या प्रयोगात आधी पैशांच्या खेळात कुणी प्रामाणिक वागलं, कुणी लबाडी केली. मग दोघांनाही वेदना देण्यात आल्या. लबाडाला वेदना होताना पुरुषांच्या मेंदूत बक्षिसाचा भाग जागा झाला, स्त्रियांच्या तसा झाला नाही. यावरून 'पुरुष निर्दयी' अशी हाळी देण्याआधी हेही लक्षात घ्यावं, की शिक्षा फक्त शारीरिक वेदनेची होती.

वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये सगळ्याच स्वभाव-चाचण्यांवर हा बॉम्ब टाकला होता : माणूस प्रसंगागणिक बदलतो, मग स्वभाव नावाचं काय उरतं? पुढच्या वादातून निघालेलं उत्तर साधारण असं : एका प्रसंगावरून भाकीत करायला जाल तर तोंडघशी पडाल, पण पन्नास प्रसंगांची सरासरी काढलीत तर माणसांचा क्रम बऱ्यापैकी टिकून राहतो. आणि 'किती' इतकंच 'कशाने' हेही स्वभावातच मोडतं. कुणी फक्त अन्याय करणाऱ्याच्या पतनाने सुखावतो. कुणी फक्त बरोबरीच्या स्पर्धकाच्या. कुणाला 'ते' लोक कुठलेही पडलेले चालतात. २०१९ मध्ये एमरी विद्यापीठातल्या वांग, लिलिएनफेल्ड आणि रोशा यांनी नेमक्या याच तीन वाटा मांडल्या : न्याय, चुरस आणि आक्रमकता. तिन्हींच्या मुळाशी, समोरच्याचं माणूसपण त्या क्षणापुरतं नजरेआड होणं आहे, असं त्यांचं म्हणणं. मला न्यायाच्या वाटेबद्दल ते पूर्ण पटत नाही, पण तीन वाटा वेगळ्या मोजाव्यात हे पटतं.

आकडा जास्त, म्हणजे माणूस वाईट?

संबंध आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. आत्ममग्नता, कावेबाजपणा आणि थंड निर्दयपणा या तीन गुणांचा पॉलस आणि विल्यम्स यांनी २००२ मध्ये एकत्र विचार केला. या गुणांवर जे वरचढ असतात, ते जिरल्याच्या आनंदावरही सरासरीने वरचढ निघतात. सरासरीने. उंच माणसं सरासरीने वजनदार असतात, पण वजन बघून कुणी एखाद्याची उंची सांगत नाही.

शिवाय आकडा दगडावरची रेघ नसतो. व्हॅन डाइक आणि सहकाऱ्यांना २०११ मध्ये आढळलं, की ज्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज खालावलेला असतो, त्यांना यशस्वी माणसाची घसरण जास्त सुखावते. पण आधी स्वतःच्या जमेच्या बाजूंची आठवण करून दिली, तर हा आनंद ओसरतो. जो 'काळोख' पाच मिनिटांच्या उजळणीने कमी होतो, त्याला स्वभाव म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी.

आणि सुरुवात किती लवकर होते बघा. २०१४ मध्ये सिमोन शमाय-त्सूरी आणि सहकाऱ्यांनी अगदी लहान, दोन वर्षांपासूनच्या मुलांसमोर त्यांच्याच आईला दुसऱ्या मुलाला मांडीवर घेऊन पुस्तक वाचायला लावलं. थोड्या वेळाने आईने पुस्तकावर पाणी सांडायचं. पाणी सांडलं, पुस्तक भिजलं, वाचन थांबलं, आणि बाजूच्या मुलांच्या चेहऱ्यावर, हातापायांत आनंद दिसला. आई एकटीच वाचत असताना पाणी सांडलं, तेव्हा तसं झालं नाही. या पोरांना कुठल्या टक्केवारीत बसवणार?

राहिला तो ७४ चा हिशेब. चांगल्या चाचणीत नुसता आकडा निरर्थक असतो. तो मोठ्या, माहीत असलेल्या गटाशी ताडून बघावा लागतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, चूक होऊ शकते हे धरून, थोडी जागा सोडावी लागते. '७४ टक्के' म्हणजे शंभरातल्या ७४ जणांपेक्षा जास्त, की शक्य तेवढ्या गुणांपैकी ७४ टक्के, हे तिच्या चाचणीत लिहिलेलंच नव्हतं. 'याच्या वर धोका' अशी रेघ या भावनेला नाही, रक्तदाबाला असते तशी. असल्या आकड्यावर कुणी नोकरीचे उमेदवार गाळत असेल, तर तो चाचणीचा अपमान आहे आणि उमेदवाराचाही.

हे सगळं मी मैत्रिणीला सांगितलं. ती ऐकत होती, पण फारशी सुटलेली दिसत नव्हती. शेवटी विचारलं, "उत्तरं देताना तुझ्या डोळ्यांसमोर कोण होतं गं?"

ती जरा थांबली. "माझी आधीची बॉस."

"सगळ्या प्रश्नांना?"

"सगळ्या."